तीन एडॅट, एक पीसीआय कार्ड आणि त्यांना चालेल असा पीसी

खर्ज

नमस्कार मंडळी. विषय जरा खास आहे, पण इथे रेकॉर्डिंगमधली आणि हार्डवेअरमधली जाणकार मंडळी आहेत म्हणून धागा काढतोय.

वडिलांचा सांगलीत छोटा स्टुडिओ होता. ९० च्या दशकात तिथे भजनी मंडळं, भारुडं, पोवाडे, नाट्यगीतं असं पुष्कळ काही रेकॉर्ड झालं. सगळं अलेसिस कंपनीच्या एडॅट या डिजिटल मशीनवर, म्हणजे एस-व्हीएचएस या व्हिडिओच्या टेपवर आठ-आठ ट्रॅक, तीन मशीन जोडून चोवीस. बाजारात गेल्या त्या मिक्स केलेल्या स्टिरिओ कॅसेट. पखवाज वेगळा, टाळ वेगळे, पेटी वेगळी, गायक वेगळा असे मूळ ट्रॅक फक्त या टेपांवर आहेत. त्यातले कित्येक गायक आता हयात नाहीत. टेपा ऐंशीच्या आसपास आहेत.

तिन्ही मशीन चालू आहेत. हेड साफ करून, बेल्ट आणि पिंच रोलर बदलून घेतलेत. कार्ड आरएमई कंपनीचं एचडीएसपी ९६५२ आहे, पीसीआय म्हणजे पीसीच्या बोर्डावरच्या जुन्या जातीच्या स्लॉटमध्ये बसणारं, तीन ऑप्टिकल एडॅट इनपुटवालं. पण ते ज्या पीसीत होतं त्याचा मदरबोर्ड गेला. प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर फुगून गळलेत. आता दुकानात मिळणाऱ्या नव्या बोर्डांवर पीसीआय स्लॉटच दिसत नाही.

बजेट पंचवीस हजारांपर्यंत. या कार्डासाठी कोणता बोर्ड, कोणता प्रोसेसर, कोणतं विंडोज? पीसीआय-एक्सप्रेस या नव्या स्लॉटमधून पीसीआय करून देणारे अडॅप्टर मिळतात ते चालतील का? मशीन फक्त टेपा उतरवून घेण्यासाठी लागणार आहे, मिक्सिंग दुसऱ्या पीसीवर करीन.

सोल्डरगन

खर्ज, प्रोसेसरपासून सुरुवात करू नका. तुमचं कार्ड ठरलेलं आहे. त्याचा ड्रायव्हर कुठल्या विंडोजपर्यंत चालतो ते आधी बघायचं, त्यावरून विंडोज ठरतं, मग चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप, आणि प्रोसेसर अगदी शेवटी. एरवी आपण पीसी घेतो त्याच्या बरोबर उलटा क्रम.

तुमच्या कार्डाचं नशीब चांगलं आहे. एचडीएसपी मालिकेला ६४ बिटांच्या विंडोज १० पर्यंत ड्रायव्हर आहेत. त्या काळातल्या बऱ्याच कार्डांचे ड्रायव्हर एक्सपीवरच थांबले.

आता स्लॉट. इंटेलने २०११ मध्ये सहा-मालिकेच्या घरगुती चिपसेटमधून, म्हणजे पी६७ आणि एच६७ मधून, पीसीआय काढून टाकलं. पण ऑफिसांसाठीच्या क्यू६७, क्यू६५, बी६५ मध्ये ते ठेवलं. पुढच्या वर्षी क्यू७७, क्यू७५, बी७५ मध्येही होतं. २०१३ च्या आठ-मालिकेपासून सगळीकडून गेलं. त्यानंतरच्या बोर्डावर पीसीआय स्लॉट दिसला तर तो चिपसेटचा नसतो, मधे एक ब्रिज चिप बसवलेली असते. म्हणजे तुमचं लक्ष्य स्पष्ट आहे: क्यू७७ किंवा बी७५, तिसऱ्या पिढीचा आय५, आठ जीबी रॅम. कंपन्यांमधून निघालेले असे टॉवर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत बघायला मिळतात, आणि तुमच्या बजेटच्या बऱ्याच आत बसतात.

घेताना टॉवरच घ्या. त्याच मॉडेलचा पातळ डबा स्वस्त मिळतो, पण त्यात अर्ध्या उंचीची कार्डं बसतात. तुमचं कार्ड पूर्ण उंचीचं आहे. झाकण उघडून स्लॉट डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या.

जास्त ताकदवान प्रोसेसरच्या मागे लागू नका. हिशेब करून बघा: २४ ट्रॅक, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, म्हणजे सेकंदाला साडेतीन एमबीच्या आत. साध्या पीसीआयची क्षमता १३३ एमबी आहे. एस-व्हीएचएसच्या दोन तासांच्या टेपवर एडॅट ४० मिनिटं मावतात, तेव्हा तीन टेपांचा पूर्ण संच सव्वाआठ जीबीच्या आसपास होईल. साधी हार्ड डिस्कसुद्धा हे आरामात लिहिते. खरा प्रश्न वेगाचा नाही, अखंडपणाचा आहे. चाळीस मिनिटांत एकही सँपल, म्हणजे आवाजाच्या मोजमापाचा एकही आकडा, गळता कामा नये.

मंद्रा

एक वेगळा विचार मांडते. तुम्हाला फक्त ऑप्टिकल केबलमधून डेटा उतरवायचा असेल तर जुनं कार्ड हवंच कशाला? आरएमईचंच डिजिफेस यूएसबी आहे, त्यात चार एडॅट इनपुट आहेत. ४८ किलोहर्ट्‌झला ३२ चॅनल. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला लागतं. महाग आहे, बजेट ओलांडेल हे मान्य. पण दहा-बारा वर्षं जुन्या बोर्डवर एवढ्या मोलाच्या कामाची भिस्त ठेवायची म्हणजे तो बोर्ड मधेच गेला तर परत शोधाशोध. मी एम्बेडेड क्षेत्रात काम करते, जुन्या बोर्डांची खात्री मी कुणाला देणार नाही.

खर्ज

मंद्राताई, मुद्दा बरोबर आहे. मी त्यावर विचारही केला होता. अडचण टेपांची आहे.

एडॅटच्या टेपवर फॉरमॅट करतानाच वेळेची नोंद उमटते, आणि मशीन ९ पिनच्या सिंक केबलमधून आपली नेमकी जागा सांगत राहतं. माझ्या कार्डावर त्या ९ पिनच्या केबलसाठी इनपुट आहे. त्यामुळे तीच टेप दोनदा उतरवली तर दोन्ही फेऱ्या सँपलला सँपल जुळतात. हे का हवं, तर बऱ्याच टेपा एका फेरीत स्वच्छ वाजत नाहीत. एका पोवाड्याच्या टेपवर पहिल्या फेरीत डफाच्या ट्रॅकवर मधेच तडतड येते. टेप पुढे-मागे करून, हेड पुसून पुन्हा वाजवली की ती जागा स्वच्छ येते आणि पुढे तुणतुण्यावर दुसरीकडे येते. दोन फेऱ्या एकमेकांखाली ठेवून चांगले तुकडे घेतले की पूर्ण ट्रॅक मिळतो. बोर्ड जाण्याआधी असे काही संच पूर्ण केलेत. यूएसबीच्या डब्याला ती ९ पिनची केबल लागत नाही, मग प्रत्येक फेरी कानाने जुळवत बसावं लागेल.

मंद्रा

मग कार्डच योग्य. हे कारण माझ्या लक्षात आलं नव्हतं, छान समजावलंत. मात्र टॉवर घेणारच असाल तर सारख्या मॉडेलचे दोन घ्या. एक उघडायचासुद्धा नाही, सुट्या भागांसाठी ठेवायचा. सगळं बसवून झालं की सिस्टिम डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवा. बोर्ड गेला तर दुसऱ्या टॉवरमध्ये कार्ड आणि डिस्क टाकून तासाभरात काम परत सुरू.

स्पूल

मी १९९४ पासून मुंबईत स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. पीसीचं तुम्ही तरुण मंडळी बघालच, मी मशीन आणि टेपांबद्दल लिहितो. ही कामं घाईने केली तर टेप कायमची जाते.

आधी बुरशी. सांगलीत पुराचं पाणी किंवा पावसाळ्याची ओल लागलेल्या टेपा असतील तर कॅसेटच्या काचेतून रिळाच्या कडा बघा. पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर ती टेप मशीनमध्ये अजिबात घालायची नाही. फिरत्या हेडला ते लागलं की पुढची प्रत्येक टेप खराब होणार. तशा टेपा वेगळ्या काढून कोरड्या डब्यात ठेवा, साफसफाई जाणकाराकडून करून घ्या. बाकीच्या टेपा वाजवण्याआधी एकदा शेवटापर्यंत पुढे आणि पूर्ण मागे घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेला ताण सुटतो.

दुसरं क्लॉक, म्हणजे सगळ्या मशीनना एका ठेक्यावर ठेवणारं घड्याळ. डिजिटलमध्ये एकच मालक हवा. टेप वाजवताना मालक पहिलं एडॅट मशीन, बाकीची दोन त्याच्यामागे, आणि कार्ड सगळ्यांच्या मागे. सिंक केबल पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून कार्डात. कार्डाच्या सेटिंगमध्ये ऑटोसिंक ठेवा. तिथे प्रत्येक इनपुटपुढे ‘लॉक’ किंवा ‘सिंक’ असं दिसतं. नुसतं लॉक म्हणजे सिग्नल येतोय, पण बाकीच्यांशी जुळलेला नाही. तिन्हींपुढे ‘सिंक’ दिसल्याशिवाय रेकॉर्डचं बटण दाबायचं नाही. बऱ्याच लोकांना टिकटिक ऐकू येते आणि ते पीसीला दोष देतात, पण गडबड इथे असते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते चुकलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पहिली काळी एडॅट मशीन मुळात ४८ किलोहर्ट्‌झची. काही रेकॉर्डिस्ट पुढे सीडीसाठी सोपं जावं म्हणून ४४.१ वर रेकॉर्ड करत, आणि त्यासाठी मशीनचं पिच १४७ सेंट (शंभर सेंट म्हणजे एक पट्टी) खाली आणून ठेवत. आज ती टेप तुम्ही साध्या सेटिंगवर वाजवली तर सगळं जवळजवळ दीड पट्टी वर जाईल आणि लयही वाढेल. टेप कुरकुर करणार नाही, आवाज स्वच्छ येईल, फक्त गायकाचा गळा त्याचा राहणार नाही.

हे ओळखायचं कसं? डब्यावर किंवा ट्रॅकशीटवर (कुठल्या ट्रॅकवर काय आहे तो कागद) ‘-१४७’ किंवा ‘४४.१’ लिहिलंय का बघा. काहीच लिहिलेलं नसेल तर पेटीच्या ट्रॅकवर विश्वास ठेवा. पेटी थोडीफार उतरलेली असू शकते, पण दोन पट्ट्यांच्या मधोमध नसते. काळी एकचं गाणं चुकीच्या सेटिंगवर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे पडेल. घरच्या पेटीवर षड्ज लावून बघा, लगेच कळेल.

पेंग्विनपंत

स्पूलकाका, फार मोलाचं लिहिलंत. त्याला एक जोड: टेपवरचे आकडे तेच असतात, मशीन फक्त ते वाचतं किती वेगाने एवढाच फरक. त्यामुळे एखादी टेप चुकून ४८ ला उतरवली गेली असेल तर ती पुन्हा वाजवून टेपेची झीज करायची गरज नाही. वेव्ह फाइलच्या मथळ्यातला ४८००० चा आकडा बदलून ४४१०० करायचा. सॉफ्टवेअरमधलं ‘रूपांतर’ वापरायचं नाही, ते नवे सँपल तयार करतं. फक्त लेबल बदलायचं. एक सँपलही न हलवता पट्टी जागेवर येते.

खर्ज, विंडोजला पर्याय म्हणून लिनक्स जरूर बघा. एचडीएसपी ९६५२ चा ड्रायव्हर अल्सामध्ये (लिनक्सची आवाजाची व्यवस्था) म्हणजे कर्नलमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. मात्र ९ पिनच्या जागेची नोंद घेऊन जुळवायचं काम विंडोजवर रेकॉर्डिंगसाठीच्या खास ड्रायव्हर-पद्धतीतून, म्हणजे अ‍ॅसिओमधून जास्त सोपं जातं. तुमच्यासाठी विंडोजच बरं.

अडॅप्टरबद्दल: पीसीआय-एक्सप्रेसचे ब्रिज चालतात, पण सरसकट नाही. त्यातल्या एएसएम१०८३ या चिपबद्दल लिनक्सच्या डेव्हलपर मंडळींत इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) अडकून राहण्याच्या तक्रारी बराच काळ आहेत. नेहमीच्या वापरात ते जाणवत नाही, पण सलग चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग करणाऱ्याला नक्की जाणवेल. आणखी एक, पीसीआय स्लॉटमध्ये उणे १२ व्होल्टची एक पिन असते. ज्या कार्डांवर अ‍ॅनालॉग भाग आहे त्यातल्या काहींना ती लागते, आणि स्वस्त अडॅप्टरवर ती नीट येईलच असं नाही. तुमचं कार्ड पूर्ण डिजिटल आहे, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो.

तसंच इतरांसाठी: एन्व्ही२४ चिपवर बनलेली कार्डं, उदाहरणार्थ एम-ऑडिओचं डेल्टा १०१०, फक्त २८ बिटांचे मेमरीचे पत्ते वापरू शकतात. म्हणजे रॅम कितीही असली तरी त्यांच्या कामाची पहिली २५६ एमबीच. लिनक्सचा ड्रायव्हर हे सांभाळून घेतो. पण त्या पिढीतल्या ज्या कार्डांचे ड्रायव्हर फक्त एक्सपीसाठी निघाले, त्यांच्या मशीनला मी दोन जीबीपेक्षा जास्त रॅम लावणार नाही. एक्सपी लागणारच असेल तर सात-मालिकेच्या पुढे जाऊ नका आणि बायोसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) आयडीई या जुन्या मोडवर ठेवा.

फिलीकर

थोडं अवांतर, पण याच रांगेतला प्रश्न. माझ्याकडे फायरवायर या जुन्या केबलने जोडायचा ऑडिओ इंटरफेस आहे. इकडच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग मी त्याच्यावर करतो. नव्या मॅकवर चालत नाही. काय करावं?

पेंग्विनपंत

फिलीकर, मॅकओएस २६ मध्ये अ‍ॅपलने फायरवायरचा पाठिंबाच काढून टाकला, तेव्हा आत्ताचा मॅक अपडेट करू नका. पीसीवर न्यायचं असेल तर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं फायरवायर कार्ड घ्या, ऑडिओवाले वर्षानुवर्षं तेच सुचवत आलेत. विंडोज ८ नंतर जुना १३९४ म्हणजे फायरवायरचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, मायक्रोसॉफ्टने ‘लेगसी’ नावाने तो दिला होता. लिनक्सवर फायरवायरची जबाबदारी ताकाशी साकामोतो सांभाळतात, आणि २०२९ पर्यंत ते काम चालू ठेवण्याचं त्यांनी जाहीर केलंय. तोपर्यंत तरी निश्चिंत राहा.

मांडवीकाठ

स्पूलकाका, आमच्याकडे पणजीत डॅटच्या (डिजिटल ऑडिओ टेप) छोट्या टेपा आहेत, नाट्यसंगीताच्या बैठकींच्या. डॅट डेक बंद पडलाय. काही मार्ग?

स्पूल

आहे. सोनीने डॅटची मशीन २००५ मध्ये बंद केली, तेव्हा चांगला डेक मिळणं कठीण. पण संगणकाच्या बॅकअपसाठी जे डीडीएस टेप ड्राइव्ह असत, त्यातले मोजके ड्राइव्ह ऑडिओ डॅटही वाचू शकतात. सिलिकन ग्राफिक्सच्या वर्कस्टेशनसाठीचं फर्मवेअर असलेले आर्काइव्ह पायथन जातीचे ड्राइव्ह त्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्याला स्कझी (ड्राइव्ह जोडायची जुनी पद्धत) कार्ड लागतं, अडॅप्टेकचं २९४० पीसीआयवरच येतं, म्हणजे खर्ज घेणार आहेत तसाच टॉवर तुम्हालाही लागेल. फायदा असा की आवाज वाजवून रेकॉर्ड करायचा नाही, टेपवरचे आकडे थेट फाइल म्हणून उतरतात. साधा डीडीएस ड्राइव्ह घेऊ नका, तो ऑडिओ टेप ओळखणारच नाही.

खर्ज

सगळ्यांचे मनापासून आभार. आता काय झालं ते लिहितो.

कंपनीतून निघालेले क्यू७७ चिपसेटचे दोन टॉवर घेतले, मंद्राताईंनी सांगितलं तसे एकाच मॉडेलचे. दोन्ही मिळून बजेटच्या आत बसले. विंडोज १० बसवलं, एकदा सगळे ड्रायव्हर घातले आणि नेटवर्कची केबल काढून टाकली. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला असला तरी हे मशीन इंटरनेटवर जाणारच नाही, त्यामुळे काळजी नाही. सिस्टिमसाठी छोटी एसएसडी, रेकॉर्डिंगसाठी वेगळी डिस्क.

पहिल्या चाचणीत अधूनमधून एक बारीक टिक येत होती. सेटिंगमध्ये तिन्ही इनपुटपुढे ‘सिंक’ होतं, म्हणजे क्लॉक ठीक. लॅटन्सीमॉन हे तपासणीचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं तर नेटवर्कचा ड्रायव्हर मधेच प्रोसेसर अडवून बसत होता. बायोसमध्ये नेटवर्क, ऑनबोर्ड साउंड आणि सीरियल पोर्ट बंद केले, प्रोसेसरचे झोपायचे सगळे पर्याय म्हणजे सी-स्टेट आणि स्पीडस्टेप बंद केले, बफर १०२४ सँपलवर नेला. नुसतं उतरवून घ्यायचंय, तेव्हा लॅटन्सी म्हणजे आवाज पोचायचा उशीर वाढला तरी काही बिघडत नाही. त्यानंतर टिक आलेली नाही.

एक तपासणी सुचवतो, आमच्या उपयोगी पडली. एकच टेप दोनदा उतरवायची, दोन्ही फेऱ्या एकमेकांखाली ठेवायच्या आणि एकीची फेज उलटी करायची, म्हणजे अधिकाचं उणे. सगळं बरोबर असेल तर आवाज पूर्ण शून्य होतो, कारण आकडे तेच आहेत. जिथे शून्य होत नाही तिथे टेपची चूक किंवा पीसीची. चूक नेमकी कुठल्या सेकंदाला आहे ते वेव्हफॉर्मवर थेट दिसतं, चाळीस मिनिटं कान लावून बसावं लागत नाही.

आणि स्पूलकाका, तुमची पेटीची खूण. महिला भजनी मंडळाचा एक संच आहे, डब्यावर फक्त मंडळाचं नाव. पेटीचा षड्ज पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे पडत होता. पिच १४७ ने खाली घेतलं आणि काळी चार बरोबर लागली. आईला ऐकवलं. तिने आवाज ओळखून त्या बाईंचं नावही सांगितलं, ते ट्रॅकशीटवर लिहून ठेवलंय.

नादखुळा

लई भारी काम चाललंय खर्ज. कोल्हापुरात आमच्याकडे एक काळं एडॅट पडून आहे, चालू आहे का माहीत नाही, पण हेड फार वापरलेलं नाही. सुट्या भागांसाठी हवं असेल तर विपू (विचारपुशीत निरोप) करा, पैसे नकोत. एक विचारायचं होतं: फाइलींना नावं कशी देताय?

खर्ज

नादखुळा, विपू केलाय, मशीन नक्की हवंय. नावात आधी टेपचा क्रमांक, मग मशीनचा क्रमांक, ट्रॅक, फेरी, आणि शेवटी पिच साधं की उणे १४७ ते. कलाकारांची नावं फाइलच्या नावात घालत नाही, ती वेगळ्या तक्त्यात, कारण कोण पखवाज वाजवतंय हे अजून बऱ्याच टेपांवर कळायचंय. ट्रॅकशीटचे आणि डब्यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये. प्रत्येक संचाच्या तीन प्रती, त्यातली एक पुण्याला बहिणीकडे. पोवाड्यांच्या टेपा झाल्या, आता भारुडांच्या घेतोय. त्यातल्या चार टेपांच्या कडेला पांढरं दिसतंय, त्या बाजूला ठेवल्यात. बुरशीच्या टेपा हाताने साफ करणारं कुणी पुणे-मुंबईत माहीत असेल तर कृपया विपूतून कळवा.